गच्चीवरचा खांब आणि आपण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या सभेत आपल्यापुढे एक विनंती आली होती. आपल्या मंडळाची वास्तू चढावर आहे. २०१९ च्या महापुरात तिच्या पायरीलाही पाणी लागले नव्हते. तेव्हा या वास्तूच्या गच्चीवर हौशी बिनतारी केंद्रासाठी एक खांब उभा करण्याची सोय करून ठेवावी, अशी ती विनंती होती. ती माझ्याच घरून आली होती, म्हणून तिच्यावर उठलेल्या प्रश्नांची उत्तरेही मीच द्यावीत, असे अध्यक्षबाईंनी सांगितले.

प्रश्न पुष्कळ होते. खांबावर वीज पडेल काय? त्यातून किरण निघतात ते लेकराबाळांना बाधतील काय? वाऱ्याने तो कोणाच्या डोक्यात पडला तर? सरकारची परवानगी आहे काय? शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतून आला, आणि तोच मला सर्वांत योग्य वाटला. घरोघरी मोबाईल असताना हे लचांड हवे कशाला?

मी काही शास्त्र शिकलेली बाई नव्हे. परंतु आमच्या गच्चीवर असा खांब तीन वर्षे उभा आहे. त्याचे दोर मी धरले आहेत, त्याच्या बाजूला मी कुरडया वाळत घातल्या आहेत आणि ढग आले की त्याची तार मीच काढून ठेवते. तेवढ्या अधिकारावर बोलते.

मागच्या रांगेतला प्रश्न आधी घेऊ. आपण कृष्णाकाठची माणसे. आयर्विन पुलाशी पाणी किती फूट झाले, हे आपल्याकडे लहान मूलही सांगते. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. २००५ साली आपण पूर पाहिला, पुन्हा २०२१ च्या जुलैत पाहिला. त्या दिवसांत मोबाईलचे काय झाले ते आठवा. मोबाईल आपल्या हातात बिनतारी दिसतो खरा, पण त्याचे बोलणे जवळच्या मनोऱ्यापर्यंतच जाते. पुढचा सारा प्रवास त्या मनोऱ्याच्या विजेवर आणि जमिनीतल्या तारांवर अवलंबून असतो. वीज गेली की मनोरा बॅटरीवर काही तास चालतो आणि मग बंद पडतो. आमच्या घरात तेव्हा चार मोबाईल होते आणि तिसऱ्या दिवशी चारही मुके झाले. माझी थोरली नणंद पलूसकडे नदीकाठी राहते. ती माडीवर सुखरूप बसली होती, पण ते आम्हांला कळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सासूबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी असेच घडले असेल.

हौशी बिनतारीवाल्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. हॅमचा संच एका बॅटरीवर चालतो. इन्व्हर्टरला आपण जी बारा व्होल्टची बॅटरी लावतो, तीच त्याला पुरते. एक संच, एक बॅटरी आणि एक उंच बांधलेली तार, एवढ्यावर इथला माणूस थेट मुंबईच्या किंवा हैदराबादच्या माणसाशी बोलतो. मध्ये कोणाचा मनोरा नाही, कंपनी नाही, बिल नाही. सर्व यंत्रणा झोपली तरी हा जागा राहू शकतो, एवढाच याचा गुण. पण पुराच्या दिवसांत तो फार मोठा ठरतो.

ही काही नुसती कल्पना नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी आपले संच घेऊन तिकडे गेली होती. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला, तेव्हाही गेली. आणि एक उदाहरण तर आपण स्त्रियांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद या हॅम बाई आपल्या सोबत्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तिथून कित्येक वर्षांत कोणी हौशी केंद्र चालवले नव्हते, म्हणून दूरदूरच्या हॅमशी बोलावे, एवढाच हेतू होता. त्यासाठी त्यांनी तारा आणि खांब उभे केलेले होते. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला आणि मागोमाग सुनामी आली. बेटांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. भारतीबाईंचा संच मात्र चालत होता. आमचा माणूस जिवंत आहे काय, हे विचारणाऱ्या किती तरी घरांचे निरोप त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी इकडून तिकडे पोचवले. पुढे कार निकोबारलाही केंद्र उभारले गेले. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. खांब आधीच उभा होता, म्हणून तो संकटात उपयोगी पडला. पाणी उंबऱ्याशी आल्यावर कोणी खांबाच्या जागा शोधत बसत नाही.

आता खांब हवा कशाला, ते सांगते. बोलणे हवेत सोडायला तार लागते, आणि ती तार जमिनीपासून वर, मोकळ्यावर असावी लागते. आपल्या आईवडिलांच्या काळी रेडिओसाठी पोस्टात लायसन काढावे लागे आणि छपरावर एरियल बांधावी लागे, ते थोरल्या बायकांना आठवत असेल. पुढे १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि मग हळूहळू घरोघरी माशाच्या सांगाड्यासारख्या काड्या आल्या. हॅमची तार त्याच घराण्यातली. मार्कोनी साहेबांनी १९०१ साली अटलांटिक महासागरापलीकडून आलेला पहिला संदेश ऐकला, तेव्हा त्यांच्याकडे मनोरा नव्हताच. त्यांनी सुमारे पाचशे फूट तार चक्क पतंगाला बांधून वर चढवली होती. म्हणजे महत्त्व आहे ते तारेला. खांब हा तिचा नुसता टेकू.

तारेची लांबी मात्र वाटेल ती चालत नाही. तिचा हिशेब सातवीतल्या भागाकाराने सुटतो. तीनशेला कंपनांच्या आकड्याने, म्हणजे मेगाहर्ट्झने भागले की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. आपल्याकडच्या हॅमचा फार वापरातला पट्टा ७ मेगाहर्ट्झच्या थोडा वर आहे. तीनशेला ७.१ ने भागा. सुमारे बेचाळीस मीटर आले. तार त्याच्या अर्धी घ्यायची, आणि त्यातूनही शेकडा पाच कमी करायची. वीस मीटर उरले. त्याचे दोन सारखे तुकडे, प्रत्येकी दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. मधोमध खाली संचाकडे जाणारी केबल जोडायची, झाली एरियल. पण शिवणाऱ्या बाईला जे ठाऊक असते, ते इथेही खरे. कापड आधी चार बोटे जास्त ठेवावे आणि अंगावर बेतून मग कापावे. तशी तारही आधी लांब ठेवून वर चढवतात, मापकावर पाहतात, खाली घेऊन दोन्ही बाजूंनी सारखीच थोडी कापतात आणि पुन्हा चढवतात. आमच्या घरी हे चढणे-उतरणे पाच वेळा झाले.

ही तार मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना खाली, अशी छपराच्या पाख्यांसारखी बांधली, तर मधला एकच खांब पुरतो. आता एक गंमत ऐका. आपल्याला वाटते की दूर बोलायचे तर मनोरा आकाशाला भिडला पाहिजे. पण सात मेगाहर्ट्झवर तसे नाही. तार बेताच्या उंचीवर असली तर लाट सरळ वर जाते. शंभर-दोनशे मैलांवर हवेचा एक असा थर आहे की तिथून ती परतून छत्रीसारखी खाली पसरते. दिवसा त्या छत्रीखाली पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद सारे येते. डोंगर आडवा आला तरी अडत नाही, कारण ती डोंगरावरूनच उतरते. पुरात आपल्याला हवे ते एवढेच. म्हणून मंडळाच्या गच्चीवर मनोरा उभा राहणार, ही भीती मनातून काढून टाका. तीस फुटांच्या आतला एक पाइप, एवढीच मागणी आहे. गावातल्या गावात बोलायचे तर दुसरा पट्टा आहे, १४४ मेगाहर्ट्झचा. त्याची काडी जेमतेम एकोणीस इंचांची असते. ती लाट सरळ दिसेल तिथपर्यंतच जाते, म्हणून तिला उंची लागते. पण ती त्याच खांबाच्या टोकावर बसते.

आता भीतीकडे वळू. भिण्यासारखे काही नाही, असे मी म्हणणार नाही. तीन गोष्टींना भ्यायलाच हवे, आणि त्या आपण क्वचितच विचारतो. जिला भ्यायचे कारण नाही, तिचीच चर्चा जास्त होते.

पहिली गोष्ट म्हणजे रस्त्यावरची विजेची तार. हौशी एरियल बांधताना या कारणाने माणसे दगावली आहेत. खांब उभा करताना किंवा तो पडताना विजेच्या तारेला लागला, की हातात धरलेल्या साऱ्यांचा घात होतो. म्हणून नियम असा, की खांबाची जेवढी उंची, तिच्याहून दहा फूट जास्त अंतर विजेच्या तारेपासून सोडायचे. सत्तावीस फुटांच्या खांबाला सदतीस फूट. तार ओढायचा दोर विजेच्या तारांवरून कधीही फेकायचा नाही. हे अंतर जिथे मिळत नाही, तिथे खांब नाही. मंडळाच्या गच्चीच्या मागल्या अंगाला ते मिळते, पुढल्या अंगाला मिळत नाही. म्हणून आम्ही मागली बाजू मागितली आहे.

दुसरी गोष्ट, खांब पडणे. इथे आपल्याला कोणी शिकवायला नको. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, त्या आपण पाहतो. एवढी उंच काठी एका माणसाच्या हातात तोलते, ती चारी अंगांनी दोर धरलेले असतात म्हणून. खांबाचे अगदी तसेच आहे. खांब स्वतःच्या जोरावर उभा नसतो, त्याला चार तणावे उभे ठेवतात. आमचा खांब म्हणजे दोन इंची जस्ती पाइपची वीस फुटांची एक लांबी आणि तिच्यात तीन फूट घुसवून बोल्ट मारलेली दीड इंची दहा फूट, मिळून सत्तावीस फूट. वजन चाळीस किलोच्या आसपास. तळाला बिजागरी आहे, त्यामुळे खांब आडवा ठेवूनच वरचे सगळे काम करता येते. शिडीवर कोणाला चढवायचे नाही. उभा करताना दोघे दोन बाजूंचे तणावे धरतात, एक मागचा धरतो, दोघे पुढून ओढतात आणि एक जण फक्त तोंडाने सांगतो. ‘थांबा’ म्हटले की सर्वांनी जागच्या जागी थांबायचे. बोलणारा एकच असावा, ही यातली मोठी शिस्त. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे.

तणावे खांबाच्या बुंध्यापासून खांबाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडे जास्त लांब बांधायचे. फार जवळ बांधले तर ताण नुसता खाली येतो, खांब सावरत नाही. ते कशाला बांधायचे, हे त्याहून महत्त्वाचे. गच्चीच्या विटांच्या कठड्याला नाही, पाण्याच्या टाकीला नाही, सांडपाण्याच्या पाइपला तर नाहीच. स्लॅबच्या खाली जिथे तुळई किंवा कॉलम आहे, तिथे सिमेंटात लोखंडी कड्या बसवायच्या. खांबाच्या बुडाशी फूटभर पत्रा आणि त्याखाली रबर, म्हणजे स्लॅबला भोक पडत नाही आणि गच्ची गळत नाही. रस्त्यावरच्या विजेच्या खांबाच्या ताणात मध्येच चिनी मातीचा एक गोळा असतो, तो आपण पाहिला असेल. तसे गोळे आपल्याही तणाव्यांत असतात, म्हणजे एरियलची लाट त्या तारांत शिरून वाया जात नाही.

वाऱ्याचाही हिशेब आहे. वारा दुप्पट झाला की खांबावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून वळवाच्या आधी, चैत्रात, एकदा प्रत्येक कडी, बोल्ट आणि दोर पाहायचा. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा. आम्ही तो दुसरा दिवस खंडेनवमीचा धरला आहे. हत्यारांची पूजा करायची, त्या दिवशी खांबाचीही झडती. दोर नायलॉनचा असेल तर उन्हाने त्याचा भुगा होतो. हाताला पांढरी पूड लागली की बदललाच पाहिजे. आमच्या तारेचे एक टोक मागच्या नारळाकडे गेले आहे. झाड वाऱ्यात डोलते आणि तार काही डोलत नाही, म्हणून तिथे कप्पीवरून दोर नेऊन टोकाला वाळूने भरलेली बाटली लोंबकळत ठेवली आहे. झाड हलले की बाटली वरखाली होते, तार तुटत नाही.

आणि आपल्या बायकांच्या दृष्टीने एक सांगते. गच्ची ही आपली वाळवणाची जागा. तणावे गळ्याच्या उंचीवर येतात आणि संध्याकाळी दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक तणाव्यावर माणसाच्या उंचीपर्यंत पिवळ्या पाइपचे आवरण घातले आहे. त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत आणि पोरांनी झोके घ्यायचे नाहीत. एवढे पाळले की सांडगे, कुरडया खुशाल घाला.

तिसरी गोष्ट, आकाशातली वीज. खांब विजेला बोलावून आणतो, असे कोणी म्हणतात. खांब घराला वाचवतो, असे दुसरे कोणी म्हणतात. दोन्ही अर्धवट आहे. उंच वस्तूवर वीज पडण्याचा संभव जास्त असतो, मग तो नारळ असो, टाकी असो की आपला खांब असो. म्हणून उंच वस्तू उभी करणाऱ्याने तिला जमिनीत जायची सरळ वाट करून देणे हे त्याचे कर्तव्य आहे. खांबाच्या बुडापासून एक जस्ती पट्टी घराच्या बाहेरून, शक्य तितकी सरळ, खाली नेलेली आहे. खड्ड्यात जस्ती पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात तिथे बादलीभर पाणी. ही अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडलेली असावी लागते. एवढे करूनही, गडगडाट ऐकू आला की बोलणे बंद. संचाची केबल आणि विजेची पिन दोन्ही काढायच्या आणि केबलचे टोक खिडकीबाहेर ठेवायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने मोबाईलवर ‘दामिनी’ नावाची सोय केली आहे, तीत वीज कुठे पडते आहे ते दिसते. ती आपल्या शेतावर जाणाऱ्या माणसांनीही घ्यावी, असे मी सुचवीन. केबल खिडकीतून आत आणताना तिला आधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाशी गळून जाते, घरात येत नाही.

आता किरणांविषयी. रेडिओची लाट क्ष-किरणांसारखी नसते. ती शरीरातल्या अणूंची मोडतोड करीत नाही. तिचा परिणाम झालाच तर तो ऊब देण्याचा, आणि तोही अगदी लगत. आपल्या संचातून तारेत जाणारी शक्ती फार तर शंभर वॅटची. जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. आपला मिक्सर पाचशे वॅटचा असतो. बोलतानाच ती जाते, ऐकताना काहीच जात नाही. एक पथ्य मात्र खरे आहे. बोलणे चालू असताना उघड्या तारेला, विशेषतः तिच्या टोकांना, हात लागला तर चटका बसतो. म्हणून टोके माणसाचा हात पोचणार नाही इतकी वर ठेवून पुढे दोर बांधायचा.

परवानगीचे सांगायचे तर, लायसनशिवाय हा संच चालवणे गुन्हा आहे आणि तसे कोणी करू नये. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. तीत विजेची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. आमच्या थोरल्या मुलीने परीक्षा दिली, तेव्हा वयाची अट फक्त बारा वर्षांची होती. खालच्या श्रेणीला मोर्सची कट्ट-कडकट्ट लागत नव्हती, वरच्या श्रेणीला लागत होती. पास झाल्यावर व्ही. यू. या अक्षरांनी सुरू होणारे एक नाव मिळते, आणि प्रत्येक वेळी बोलताना ते सांगावे लागते. यावर गाणी लावता येत नाहीत, व्यापार करता येत नाही, गुपितेही बोलता येत नाहीत; कारण ज्याच्याकडे संच आहे तो कोणीही ऐकू शकतो. मुलीच्या वह्यांवरून मीही तो अभ्यास धरला आहे. परीक्षा होईपर्यंत मी संचावर बोलणार नाही. दोर धरायला मात्र लायसन लागत नाही.

शेजाराला त्रास होतो काय, हेही प्रामाणिकपणे सांगते. कधी कधी होतो. एका शेजारणीच्या टीव्हीच्या स्पीकरमधून आमच्या मुलीचा आवाज घोगरा होऊन येऊ लागला. त्यांनी लगेच सांगितले. स्पीकरच्या वायरीला फेराइटची काळी कडी घातली, तिच्यातून वायरीचे चार वेढे घेतले आणि आवाज थांबला. अशी तक्रार मनात ठेवू नये, वेळेसह सांगावी. कधी, किती वाजता बोललो याची वही आमच्याकडे असते. ती ताडून पाहता येते.

तर आता आपल्याला ठरवायचे आहे ते असे. आमच्या घराच्या खालच्या मजल्यात २०१९ मध्ये छातीभर पाणी होते. पूर आला की आम्हांलाच घर सोडावे लागते, मग गच्चीवरचा खांब कोणाच्या कामाचा? मंडळाची वास्तू कोरडी राहते आणि पुरात माणसेही इथेच येतात. म्हणून इथे मागल्या बाजूला चार कड्या, एक बिजागरीची बैठक आणि एक अर्थिंग एवढेच कायमचे करून ठेवावे. खांब एरवी कठड्याच्या आतल्या बाजूला आडवा पडून राहील, जून महिन्यात उभा करू आणि पावसाळा संपला की उतरवू. खर्च आमच्याकडे. देखरेखीची वही मंडळाकडे.

त्याबदल्यात माझी एक मागणी आहे. दोर धरायला सहा जणी लागतात. त्या मंडळातल्याच असाव्यात. दुपारी पाणी चढू लागते, तेव्हा पुरुष कामावर असतात, घरी आपण असतो. आपण मांडवाच्या मेढी उभ्या केल्या आहेत, उंच गुढ्या उभारल्या आहेत. हे त्याहून फारसे अवघड नाही. येत्या रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर या. खांब उतरवून पुन्हा उभा करून दाखवू. विजेच्या तारेचे अंतर स्वतः टेप लावून मोजा, कड्या हलवून पाहा, मला अवघड प्रश्न विचारा. रविवारी सात मेगाहर्ट्झवर गावोगावची हॅम मंडळी ठरल्या वेळी जमतात, तेही ऐकायला मिळेल. मग पुढच्या सभेत होय म्हणा किंवा नाही म्हणा. मापून पाहून दिलेले ‘नाही’ मी आनंदाने घेईन. न पाहता दिलेले ‘होय’ मात्र मला नको, कारण त्या खांबाखालून आपलीच मुले येजा करणार आहेत.

हा खांब कधी उपयोगी पडूच नये, कृष्णामाई आपल्या पात्रात राहावी, हीच प्रार्थना. पण पाणी चढलेच, तर ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे तीन शब्द कोणाच्या तरी नणंदेपर्यंत त्याच दिवशी पोचावेत, एवढ्यासाठी मी आपला वेळ घेतला.